सेंटिनेल-१ ची आरएफआय सफाई : फुकट आहे, चांगली आहे, पण सोबतची फाईल उघडून बघा

युरोपियन स्पेस एजन्सीच्या सेंटिनेल-१ उपग्रहांचा रडार डेटा आपल्याकडे चिक्कार लोक वापरतात, पुराचे नकाशे, भाताची लावणी, उसाचं क्षेत्र, जमीन खचणं, आणि पीएचडीवाले तर विचारूच नका. पण मार्च २०२२ पासून या डेटात एक काम आपल्याला न विचारता आपोआप व्हायला लागलंय आणि वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नाही. ते काम म्हणजे जमिनीवरच्या नाहीतर दुसऱ्या उपग्रहांच्या रेडिओ सिग्नलने इमेजमध्ये केलेली घाण डेटा आपल्या हातात यायच्या आधीच काढून टाकणं. याला आरएफआय मिटिगेशन म्हणतात, आरएफआय म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी इंटरफिअरन्स. मी कामासाठी हाच डेटा वापरतो, त्यामुळे म्हटलं मोबाईल आणि मिक्सरचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, आपण याचा लिहू. आधीच सांगून टाकतो, माझं मत चांगलं आहे, फक्त इमेज स्वच्छ दिसते म्हणून नाही, कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच.

तर मुळात ही घाण येते कशी. सेंटिनेल-१ साधारण ६९३ किलोमीटर उंचीवरून ५.४०५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सी-बँडमध्ये, खाली पल्स मारतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. वरून मारताना चार किलोवॅटच्या वर पीक पॉवर असते, पण तो सिग्नल तिरका खाली जाणार, शेतात-पाण्यात-इमारतींवर आपटून सगळीकडे विखुरणार, आणि त्यातला नगण्य भाग परत सातशे-नऊशे किलोमीटर वर येणार. म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रवास, आणि अंतराच्या चौथ्या घाताने ताकद कमी होत जाते. आता त्याच फ्रिक्वेन्सीवर खाली कोणी आपला ट्रान्समीटर चालू ठेवला असेल तर त्याचा सिग्नल एकाच बाजूने वर येतो, अंतराच्या फक्त वर्गाने कमी होतो. त्यामुळे जमिनीवरचं मध्यम ताकदीचं रडारसुद्धा उपग्रहाच्या कानात स्वतःच्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी मोठं ऐकू येतं. यात कोणाचा दोष नाही, गणितच तसं आहे.

बरं, त्या फ्रिक्वेन्सीवर बाकीच्यांनी का यावं? तर ५३५० ते ५४७० मेगाहर्ट्झ हा पट्टा पृथ्वी निरीक्षणाच्या रडारना दिलेला असला तरी एकट्या त्यांचाच नाही, जमिनीवरची रडारंही त्यात असतात, लष्करी तर असतातच. वायफायवाले याच पट्ट्यावर डोळा ठेवून होते, २०१५ ला जिनिव्हात आणि २०१९ ला शर्म अल-शेखला जी जागतिक रेडिओ परिषद झाली त्या दोन्ही ठिकाणी वायफाय तिथे येऊ द्यायचं का यावर चर्चा झाली आणि दोन्ही वेळा उत्तर नाही असंच आलं. आपल्याकडे २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झचे पट्टे लायसनमुक्त केले त्यातही ५१५० ते ५३५० आणि ५४७० पासून पुढे असं आहे, मधला तुकडा सोडलाय. सेंटिनेलचा नेहमीचा मोड त्या मधल्या तुकड्यातच बसतो. म्हणजे तुमच्या घरचा राऊटर नियमात चालत असेल तर इमेज खराब होण्याचं पाप त्याच्या माथी नाही. आणखी एक गंमत म्हणजे कॅनडाचा रडारसॅट-२ सुद्धा ५.४०५ वरच चालतो आणि चीनचा गाओफेन-३ सी-बँडचाच, त्यामुळे दोन उपग्रह एकाच वेळी एकाच भागाकडे बघत असले तर एकमेकांच्या इमेजमध्ये घुसतात, असे प्रकार नोंदवले गेलेत. आकाशातसुद्धा ट्रॅफिक!

आता इमेजमध्ये हे ओळखायचं कसं, कारण इथे लोक भयंकर घोळ घालतात. आरएफआय असेल तर उपग्रहाच्या मार्गाला साधारण काटकोनात जाणारे, म्हणजे रेंजच्या दिशेने आडवे पसरलेले चमकदार पट्टे दिसतात, कधी एका अख्ख्या सबस्वाथभर (उपग्रह जी रुंद पट्टी टिपतो तिचा एक उभा भाग), कधी तुटक रेघा, कधी नुसती धुरकट चादर. पट्टा होण्याचं कारण असं की रडार आपला स्वतःचा पल्स ओळखून त्याची ऊर्जा एका बिंदूत गोळा करतं, परका सिग्नल त्या साच्यात बसत नाही त्यामुळे तो गोळा व्हायच्या ऐवजी उलट पसरतो. पण सगळे पट्टे आरएफआय नसतात हो. रत्नागिरीच्या बाहेरचा शांत समुद्र व्हीएच पोलरायझेशनमध्ये (लहर उभी पाठवून आडवी ऐकायची; व्हीव्ही म्हणजे उभी पाठवून उभीच ऐकायची) उघडून बघा, तिथे उभे पट्टे आणि सबस्वाथच्या जोडावर उजेड-अंधाराची पायरी दिसेल, तो थर्मल नॉइज आहे, उपग्रहाच्या स्वतःच्या रिसीव्हरचा, त्याची वेगळी दुरुस्ती असते. न्हावाशेवाच्या आसपास मोठ्या जहाजाच्या पुढे-मागे काही किलोमीटरवर त्याच जहाजाचं फिकट भूत दिसतं, ती अॅझिमथ अॅम्बिग्युइटी. जुन्या इमेजच्या कडेला येणारी राखाडी झालर म्हणजे बॉर्डर नॉइज. या तिघांनाही 'इंटरफिअरन्स आलाय' म्हणून रिपोर्टात लिहिलेलं मी वाचलंय, आणि ते वाचून डोकं धरून बसलोय. आणखी एक सोपी खूण, आरएफआय बहुतेक वेळा व्हीव्हीपेक्षा व्हीएचमध्ये जास्त उठून दिसतो, कारण व्हीएचचा खरा प्रतिध्वनी मुळातच बराच कमजोर असतो आणि परका सिग्नल मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच येऊ शकतो. पिकांसाठी नेमकं व्हीएचच लागतं, तेव्हा शेतीवाल्यांना याची झळ जास्त.

आता मुख्य मालाकडे येऊ. सफाई कुठे होते हे महत्त्वाचं आहे. ती तयार इमेजवर होत नाही, कच्च्या डेटावर होते, इमेज बनायच्या आधी. याने काय फरक पडतो ते जरा नीट सांगतो कारण माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे. कच्च्या डेटात एखाद्या विहिरीचा नाहीतर झाडाचा प्रतिध्वनी एका जागी नसतो, तो एका पल्समध्ये हजारो सॅम्पलवर आणि पुढे लागोपाठच्या पल्समध्ये असा पसरलेला असतो, इमेज बनवणं म्हणजे हे सगळं विखुरलेलं परत एका पिक्सेलमध्ये गोळा करणं. त्यामुळे कच्च्या डेटातल्या मोजक्या ओळी किंवा मोजके सॅम्पल खराब म्हणून उडवले तर इमेजमध्ये भोक पडत नाही, सगळ्यांची ताकद किंचित कमी होते एवढंच. उलट खराब सॅम्पल तसेच ठेवून इमेज बनवली तर ती घाण सगळीकडे पसरते आणि मग तयार इमेजवर कितीही फिल्टर फिरवा, खरं काय आणि खोटं काय हे वेगळं करता येत नाही, तुम्ही फक्त पट्टा धूसर करता आणि त्याखालची माहिती गेलेलीच असते. म्हणून तयार जीआरडी इमेजवर (फक्त प्रतिध्वनीची ताकद ठेवून जमिनीवर बसवलेली) 'स्ट्राइप रिमूव्हल' करून देणाऱ्या स्क्रिप्ट नेटवर मिळतात त्यांच्याबद्दल मला फार प्रेम नाही. चित्र छान दिसतं. मोजमाप करायचं असेल तर त्याचा उपयोग नाही.

युरोपियन एजन्सीच्या प्रोसेसरमध्ये हे ढोबळमानाने तीन टप्प्यांत चालतं. पहिला टप्पा चाळणीचा. सेंटिनेल-१ चा आयडब्ल्यू मोड, जो आपल्या देशावर बहुतेक वेळा चालू असतो, अडीचशे किलोमीटर रुंदीची पट्टी तीन सबस्वाथमध्ये आणि प्रत्येक सबस्वाथ छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे बर्स्टमध्ये, तोडून घेतो. बर्स्ट सुरू झाल्यावर पहिला पल्स खाली जाऊन परत यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत पुढचे काही पल्स निघूनही गेलेले असतात, म्हणजे प्रत्येक बर्स्टच्या सुरुवातीला एक बारीकसा काळ असा मिळतो की रिसीव्हर चालू आहे पण आपला स्वतःचा प्रतिध्वनी अजून पोचलेलाच नाही. या काळात जे ऐकू येईल ते एक तर रिसीव्हरचा नॉइज नाहीतर परका आवाज. ही आयती मिळालेली शांतता वापरून इथे आरएफआय असण्याची शक्यता आहे की नाही हे आकडेशास्त्राने ठरवतात. कोणाच्या डोक्यात आलं असेल त्याला सलाम, कारण यासाठी उपग्रहावर एक स्क्रूसुद्धा नवा लावावा लागला नाही, २०१४ पासून हा डेटा येतच होता. दुसरा टप्पा वेळेतला, म्हणजे जे जोरदार आणि क्षणिक फटके आहेत, पल्स मारणाऱ्या रडारचे वगैरे, ते सॅम्पल शोधून काढायचे. तिसरा फ्रिक्वेन्सीतला, जिथे एखादा अरुंद सिग्नल सतत एकाच फ्रिक्वेन्सीवर बसलाय तिथे स्पेक्ट्रममधला तेवढाच खांब कापायचा.

वापरून कसं वाटतं? ज्या जागांवर आधी पट्टे हमखास असायचे, आखाती देशांचा किनारा, इस्राएलचा दक्षिण भाग वगैरे, तिथल्या मार्च २०२२ च्या आधीच्या आणि नंतरच्या इमेज एकाच ट्रॅकच्या, एकाच दिशेच्या शेजारी-शेजारी लावून बघितल्या तर फरक डोळ्याला दिसतो, नकाशा-बिकाशा बनवायची गरज नाही. अरुंद फ्रिक्वेन्सीवाली घाण जवळजवळ पूर्ण जाते. जोरदार रुंद पट्ट्यांचं तसं नाही, ते फिकट होतात पण काही पासमध्ये तसेच राहिलेलेही सापडतात. व्हीव्हीमध्ये काहीच दिसत नाही म्हणून खुश व्हाल आणि व्हीएच उघडल्यावर हलकी चादर असतेच अशीही उदाहरणं आहेत. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर माझ्या कामाच्या भागात, म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, मुळात आरएफआयचा त्रास कमी, त्यामुळे 'सफाईने माझं आयुष्य बदललं' असं लिहिणार नाही. पण राजस्थान-गुजरातच्या सीमेकडचं, आखातातलं किंवा युक्रेनकडचं काम करणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये. आणि पुराच्या वेळी एकच इमेज हातात असते हेही ध्यानात ठेवा, ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना वर ढगांचं छप्पर होतं, ऑप्टिकल उपग्रह आंधळे, रडारशिवाय काही दिसत नव्हतं. पाणी रडारमध्ये काळं दिसतं आणि आपण ते एका मर्यादेखालचे पिक्सेल म्हणून पकडतो, अशा इमेजवर चमकदार पट्टा आला तर त्याखालचं पाणी 'कोरडी जमीन' म्हणून नोंदलं जाईल. (उंच उसात शिरलेलं पाणी सी-बँडला असंही नीट दिसत नाही, तो वेगळा रडीचा डाव आहे, त्याला कुठलीच सफाई उपयोगाची नाही.)

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. डाऊनलोड केलेली झिप उघडा, आत अॅनोटेशन फोल्डर असतो, त्याच्या आत आरएफआय नावाचा आणखी एक फोल्डर, आणि त्यात प्रत्येक सबस्वाथ आणि पोलरायझेशनची एक्सएमएल फाईल. ही फाईल नोव्हेंबर २०२१ पासून यायला लागली, म्हणजे सफाई सुरू व्हायच्या काही महिने आधीपासूनच. त्यात काय असतं, तर बर्स्टनिहाय नोंद. चाळणीत काही सापडलं का, मग वेळेत किती टक्के ओळींना बाधा झाली, त्या ओळींमध्ये सरासरी आणि जास्तीत जास्त किती टक्के सॅम्पल खराब निघाले, फ्रिक्वेन्सीत सुटी घाण किती आणि सतत बसलेली किती, आणि शेवटी सफाई लावली की नाही. थोडक्यात गॅरेजवाल्याने गाडीचं काय काय उघडलं आणि काय काय काढलं याची सविस्तर पावती. आणि राव, ही पावती कोणी उघडत नाही! स्नॅपमध्ये (युरोपियन एजन्सीचं फुकट सॉफ्टवेअर) इमेज टाकतात, कॅलिब्रेशन, स्पेकल फिल्टर, टेरेन करेक्शन, झाला नकाशा. मी आता कुठलाही सीन कामाला घ्यायच्या आधी एक छोटी पायथन स्क्रिप्ट फिरवतो जी या सगळ्या एक्सएमएल वाचून ज्या बर्स्टमध्ये खराब ओळींची टक्केवारी जास्त आहे त्यांची यादी काढते, आणि त्या यादीतल्या भागाकडे संशयानेच बघायचं. स्क्रिप्ट लिहायला काही डोकं लागत नाही, टॅगची नावं वाचूनच समजतात.

का एवढा आग्रह? कारण साफ झालेली इमेज आणि कधीच न मळलेली इमेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दिसायला त्या सारख्याच दिसतात. जिथे दोन-चार टक्के सॅम्पल उडवले तिथे काही बिघडलं नाही. पण जिथे मोठा हिस्सा उडवलाय तिथे इमेज छान गुळगुळीत दिसेल, पट्टा नसेल, आणि तरी तिथला बॅकस्कॅटरचा, म्हणजे परत आलेल्या ताकदीचा, आकडा खाली आलेला असू शकतो, रिझोल्यूशन थोडं बिघडलेलं असू शकतं, स्पेक्ट्रममध्ये खाच पाडल्यामुळे चमकदार इमारतींच्या बाजूला साइडलोब, म्हणजे खोट्या फिकट रेघा, वाढलेले असू शकतात. नकाशावर यातलं काहीही डोळ्याला कळणार नाही. इन्सार करणाऱ्यांना, म्हणजे दोन तारखांच्या रडार इमेज जुळवून जमीन किती हलली ते मोजणाऱ्यांना, तर जास्तच, एका तारखेला खाच पाडलीय आणि दुसऱ्या तारखेला नाही, तर दोन्हींचा स्पेक्ट्रम नेमका जुळत नाही आणि कोहेरन्स, म्हणजे दोन इमेजमधला मेळ, थोडा घसरतो, मग आपण बसतो जमीन हलली का झाडं वाढली याचा शोध घेत. पट्टा निदान प्रामाणिक होता, समोर दिसत होता. म्हणून म्हणतो, सफाईबद्दल चार स्टार आणि सफाईचा हिशोब उघडा ठेवला याबद्दल पाच.

त्रुटी आहेतच. ती सुरुवातीची चाळणी, जिचं मी एवढं कौतुक केलं, तिचीच एक मर्यादा आहे. बर्स्टच्या सुरुवातीचे ते शांत पल्स मोजकेच असतात, म्हणजे ऐकायला मिळणारा वेळ काही मिलिसेकंदांचा, आणि अख्खा बर्स्ट मात्र साधारण एका सेकंदाचा. सतत चालू असलेला ट्रान्समीटर त्यात सापडणारच. पण फिरणाऱ्या अँटेनाचं रडार नेमकं त्या क्षणी दुसरीकडे तोंड करून उभं असेल तर चाळणीत सगळं आलबेल दिसतं आणि पुढच्याच क्षणी ते वळून थेट उपग्रहाकडे बघतं. शिल्लक राहिलेले बरेचसे पट्टे याच जातीचे असावेत असा माझा अंदाज. चाळणी काढून टाकून सगळ्याच बर्स्टवर जोरात सफाई का करत नाहीत? कारण मग मुंबईच्या टॉवरसारखे खरे जोरदार प्रतिध्वनीही घाण समजून उडवायची भीती. इथे थोडं कमी साफ करणं हाच शहाणपणा आहे आणि त्यांनी तोच रस्ता धरला, हे मला पटतं.

जुन्या डेटाचं दुखणं मोठं आहे. सेंटिनेल-१ए एप्रिल २०१४ ला गेला, १बी एप्रिल २०१६ ला आणि तो डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्याच्या बिघाडाने बंद पडला. म्हणजे १बी चा जवळपास सगळा संग्रह सफाई सुरू व्हायच्या आधीचा. आता तुम्ही २०१७ ते २०२४ अशी सलग टाइम सिरीज काढलीत तर मधे मार्च २०२२ ला प्रोसेसिंग बदललेलं असणार, वर १बी गेल्यामुळे सहा दिवसांचा फेरा बारा दिवसांचा झालेला. ज्या भागात आरएफआय आहे तिथे हा बदल आलेखात पायरीसारखा दिसू शकतो, आणि व्हीएच २०२२ पासून खाली आलं म्हणजे झाडं कमी झाली असा निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागतो! गूगल अर्थ इंजिनवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन उपग्रह-डेटा सेवेवर, काम करणाऱ्यांनी तर फारच जपून, कारण तिथल्या तयार जीआरडी कलेक्शनमध्ये थर्मल नॉइज, बॉर्डर नॉइज, कॅलिब्रेशन, टेरेन करेक्शन सगळं करून मिळतं पण वर सांगितलेली पावती सोबत येत नाही. प्रत्येक इमेजच्या प्रॉपर्टीमध्ये प्रोसेसिंग सॉफ्टवेअरचं व्हर्जन असतं, निदान त्यावरून इमेज कुठल्या काळातल्या प्रोसेसरची आहे एवढं वेगळं करा. संशय आला तर तेवढा सीन कोपर्निकस ब्राउझरवरून नाहीतर अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीवरून मूळ झिपमध्ये उतरवून बघा, दोन्हीकडे खातं काढायला पैसे लागत नाहीत, फक्त इंटरनेटचा धीर लागतो, जीआरडी साधारण एक जीबी आणि एसएलसी, म्हणजे इन्सारला लागणारी फेजसकट इमेज, त्याच्या कित्येक पट.

एका गटाला ही सफाई आवडली नसणार आणि त्यांचंही बरोबर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑली बॅलिंजर यांनी बेलिंगकॅट या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेतर्फे एक टूल काढलं होतं, अर्थ इंजिनवरच, जे सेंटिनेल-१ मधले हेच पट्टे वापरून लष्करी रडार कुठे चालू आहेत ते दाखवतं. पॅट्रियट क्षेपणास्त्रांचं रडार सी-बँडमध्येच बोलतं, त्यामुळे सौदीत दम्मामजवळ, इस्राएलमध्ये डिमोनाजवळ असे पट्टे वर्षानुवर्षं दिसत होते, हॅरेल डॅन यांनी २०१८ मध्येच त्याकडे लक्ष वेधलं होतं. उपग्रह दक्षिणेकडून येताना एक पट्टा तिरका, उत्तरेकडून येताना दुसरा तिरका, दोन्ही एकमेकांना छेदून फुली होते तिथे आसपास रडार. आपण ज्याला घाण म्हणून बोंबलतो त्यावर दुसरा माणूस संशोधन करून बसलाय. आणि टूल आलं फेब्रुवारीत, सफाई सुरू झाली मार्चमध्ये! योगायोगच, कारण सफाईचं काम कितीतरी आधीपासून चालू होतं, नोव्हेंबरपासून तर नोंदीही यायला लागल्या होत्या, पण वेळ काय साधलीय. अशा लोकांनाही शेवटी ती एक्सएमएल फाईलच उपयोगी, कारण पट्टा पुसला तरी पुसल्याची नोंद आत आहे, कुठल्या तारखेला, कुठल्या बर्स्टमध्ये, किती.

जाता जाता एका पैसेवाल्या सेवेबद्दल, नाव घेत नाही. एका कामासाठी 'क्लीन, अॅनालिसिस रेडी' म्हणून रडार इमेज विकत घेतल्या होत्या. दिसायला अप्रतिम, पट्टा नाही, डाग नाही. विचारलं की सफाई कच्च्या डेटावर केली का तयार इमेजवर, किती काढलं, कुठे काढलं, याची नोंद द्या. उत्तर आलं, प्रोप्रायटरी अल्गोरिदम आहे. मग मास्क तरी द्या. तेही नाही. अहो मग हे आकडे मी रिपोर्टात कशाच्या जोरावर लिहू? फुकटच्या डेटासोबत बर्स्टनिहाय हिशोब आणि विकतच्या डेटासोबत 'विश्वास ठेवा'. तेव्हापासून कुठल्याही सेवेला माझा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर टाळलं की पुढे दर विचारतच नाही.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. आपल्या इस्रोचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ ला गेला, तोही सी-बँड, डेटा एनआरएससीच्या (इस्रोचं हैदराबादचं रिमोट सेन्सिंग केंद्र) भूनिधी पोर्टलवर मिळतो, सेंटिनेलच्या दोन फेऱ्यांमधली तारीख हवी असेल तर जरूर बघा. खरी मजा निसारमध्ये आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून गेलेला नासा-इस्रोचा उपग्रह, एल-बँड नासाचा आणि एस-बँड आपल्या अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरचा. एल-बँड झाडीतून खोल जातो म्हणून सगळे खुश आहेत पण आरएफआयच्या बाबतीत तो सी-बँडपेक्षा कितीतरी गजबजलेला भाग आहे, विमानं बघणारी लांब पल्ल्याची रडारं तिथेच, जीपीएसची १२२७.६ मेगाहर्ट्झची लहरही त्याच पट्ट्यात. जपानच्या अलॉस उपग्रहाच्या पाल्सार रडारला याचा भरपूर अनुभव आहे. निसारचं प्रोसेसिंग सॉफ्टवेअर आयएससीई-३ ओपन सोर्स आहे आणि त्यात सफाईच्या दोन पद्धती कोडसकट वाचायला मिळतात, एक फ्रिक्वेन्सीत खाच पाडणारी आणि दुसरी लागोपाठच्या पल्सचा गठ्ठा घेऊन आयगेनव्हॅल्यूने परका सिग्नल वेगळा काढणारी. दुसरी पद्धत गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी उघडून बघाच, लिनिअर अल्जेब्रा कशाला शिकलो याचं उत्तर तिथे सापडेल. आणि सफाईने सगळे प्रश्न सुटतात असं वाटत असेल तर एप्रिल २०२५ ला गेलेला युरोपचा बायोमास उपग्रह बघा, तो ४३५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच पट्ट्यात अमेरिकेची अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारी रडारं आहेत, म्हणून युरोप आणि उत्तर अमेरिकेवर त्याला मोजमाप घ्यायला परवानगीच नाही. युरोपच्या पैशाने बनलेला उपग्रह आणि युरोपची जंगलं सोडून बाकी जगाची मोजतोय. तिथे अडचण परवानगीची आहे, सॉफ्टवेअर करून काय करणार?

तर कोणी वापरावं. पुराचा नकाशा, पिकाचं क्षेत्र असं काम असेल तर मार्च २०२२ नंतरचा डेटा डोळे झाकून नाही पण अर्धे झाकून घ्या, व्हीव्ही आणि व्हीएच दोन्ही एकदा डोळ्याखालून घाला. इन्सारवाल्यांनी जोडी निवडताना दोन्ही तारखांच्या आरएफआय फाईल वाचा, वाईट तारीख सरळ टाळा, बारा दिवसांनी दुसरी येतेच, आणि आता १सी आणि १डी पण वर गेलेत. जुन्या संग्रहावर काम करणाऱ्यांनी त्याच महिन्यातल्या चार-पाच इमेजचा मिडियन, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत, घेतला तर एखाद-दुसऱ्या तारखेचा पट्टा आपोआप मागे पडतो, हा जुना उपाय आहे पण अजून चालतो. पूर मात्र मिडियनने सापडणार नाही, तिथे ज्या तारखेला पाणी त्याच तारखेची इमेज लागते, आणि तीच खराब निघाली तर त्या बर्स्टवर नकाशात 'माहिती नाही' असं करड्या रंगात दाखवा. साहेब विचारतील हा करडा तुकडा कशाला ठेवलाय. मग एक्सएमएल उघडून दाखवा.